एक बैठक, पाच ठिकाणे: कंपनीच्या नेटवर्कवर व्हिडिओ कॉन्फरन्सिंग उभारताना

सातारा/सांगली : पुण्यात मुख्य कार्यालय, साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना, कुपवाडला फौंड्री, कऱ्हाडला गोदाम आणि मुंबईत विक्री विभाग, अशी रचना असलेल्या कंपन्या या दोन जिल्ह्यांना नव्या नाहीत. अनेक ठिकाणी विखुरलेला कारभार हे येथील उद्योग व संस्थांचे जुने वैशिष्ट्य आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली; किर्लोस्कर ब्रदर्सचा तेथील कारखाना आजही चालतो आणि मुख्यालय पुण्यात आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेचा कारभार साताऱ्यातून चालतो आणि शाखा अनेक जिल्ह्यांत आहेत. अशा कारभारात बैठक म्हटली की प्रवास आलाच. सांगली ते पुणे हे अंतर सुमारे २३० किलोमीटर. म्हणजे दीड तासाच्या बैठकीसाठी जाऊन-येऊन अख्खा दिवस खर्ची पडतो.

हा प्रवास वाचवणारे तंत्र आता सर्वांच्या परिचयाचे आहे. २०२० च्या टाळेबंदीनंतर व्हिडिओ कॉन्फरन्सिंग घराघरांत पोहोचले. मात्र घरून दोघांनी बोलणे वेगळे आणि कंपनीच्या नेटवर्कवर पाच ठिकाणच्या पन्नास माणसांची बैठक रोज, वेळेवर आणि खात्रीने घेणे वेगळे. चित्र गोठणे, आवाज तुटणे, एकाच वेळी दोघांनी बोलणे आणि शेवटी 'जाऊ द्या, फोन करतो' असे म्हणणे, हा अनुभव बऱ्याच कार्यालयांत येतो. दोष बहुधा कॅमेऱ्यावर किंवा 'नेट स्लो आहे' या सबबीवर ढकलला जातो. खरे कारण अनेकदा नेटवर्कच्या मांडणीत असते. ती मांडणी कशी असावी, याचा हा आढावा.

तीन टेलिफोन जोडण्यांपासून ब्राउझरपर्यंत

इंटरनेट सर्वत्र पोहोचण्यापूर्वी कॉन्फरन्सिंगचा भार आयएसडीएन या डिजिटल टेलिफोन जोडणीवर होता. अशा एका मूलभूत जोडणीतून सेकंदाला १२८ किलोबिट माहिती जात असे. तीन जोडण्या एकत्र बांधल्या की ३८४ किलोबिट मिळत आणि तेवढ्यावर बऱ्यापैकी चित्र दिसे. त्या काळात हीच कार्यालयीन दर्जाची व्यवस्था मानली जाई. भारताच्या २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात २५६ किलोबिट वेगालाच ब्रॉडबँड म्हटले होते; २०२३ मध्ये ही किमान मर्यादा २ मेगाबिट करण्यात आली. या दोन आकड्यांवरून परिस्थिती किती बदलली याची कल्पना यावी.

इंटरनेटच्या नियमांवर चालणाऱ्या कॉन्फरन्सिंगसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९६ मध्ये एच.३२३ हे मानक मंजूर केले. त्यापाठोपाठ १९९९ मध्ये सिप हा नियमसंच आला. सभागृहात बसवलेली जुनी कॉन्फरन्स यंत्रे बहुधा या दोहोंपैकी एकावर चालतात. गुगलने २०११ मध्ये वेबआरटीसी हे तंत्र सर्वांसाठी खुले केले आणि वेगळी यंत्रसामग्री न घेता साध्या ब्राउझरमधून बोलणे शक्य झाले. जानेवारी २०२१ मध्ये त्याला अधिकृत वेब मानकाचा दर्जा मिळाला. आज कंपन्यांमध्ये जुनी सभागृह यंत्रे आणि नवे ब्राउझर शेजारीशेजारी नांदताना दिसतात. ही दोन माणसे एकमेकांची भाषा समजत नसल्यास मध्ये दुभाषा, म्हणजे गेटवे, बसवावा लागतो. नवी सेवा निवडण्यापूर्वी कार्यालयातील जुनी यंत्रे तिच्याशी जुळतील का, हा पहिला प्रश्न विचारावा.

तिसरा आला की गणित बदलते

दोघेच बोलत असतील तर दोन संगणक एकमेकांना थेट चित्र पाठवू शकतात. तिसरा सामील झाला की प्रत्येकाला दोन प्रती पाठवाव्या लागतात. पाच ठिकाणे थेट जोडली तर प्रत्येक ठिकाण चार प्रती पाठवते व चार घेते. एकूण प्रवाह होतात २०. दहा ठिकाणे झाली तर हाच आकडा ९० वर जातो. एका चांगल्या चित्रप्रवाहाला दीड मेगाबिट धरले, तरी दहा जणांच्या बैठकीत प्रत्येकाला केवळ पाठवण्यासाठी साडेतेरा मेगाबिट लागतील. त्यामुळे ही 'सर्वांची सर्वांशी जोडणी' तीन-चार जणांपुरतीच उपयोगी ठरते.

याला पर्याय म्हणून मध्यभागी एक सर्व्हर ठेवला जातो. त्याचे दोन प्रकार आहेत.

पहिल्या प्रकारात सर्व्हर सगळ्यांची चित्रे घेतो, उलगडतो, चौकटींमध्ये मांडून त्यांचे एकच चित्र तयार करतो आणि ते प्रत्येकाला पाठवतो. त्याला एमसीयू, म्हणजे बहुपक्षीय नियंत्रण कक्ष, असे म्हणतात. प्रत्येक ठिकाणी एकच प्रवाह जातो व एकच येतो. दुबळ्या जोडणीसाठी ही मोठी सोय. मात्र चित्रे उलगडून पुन्हा गुंडाळण्याचे काम संगणकाला फार जड जाते. म्हणून अशी यंत्रे महाग असतात आणि त्यांत ठरावीक संख्येपेक्षा अधिक लोक सामावत नाहीत.

दुसऱ्या प्रकारात सर्व्हर चित्राला हात लावत नाही. टपाल कार्यालयात पत्रे न उघडता पत्त्यानुसार वाटली जातात, तसा तो आलेले प्रवाह ज्याला हवे त्याच्याकडे पुढे पाठवतो. याला एसएफयू म्हणतात. आजच्या बहुतेक लोकप्रिय सेवा याच पद्धतीने चालतात. येथे पाठवणारा संगणक स्वतःच्या चित्राच्या दोन-तीन प्रती तयार करतो. एक मोठी व स्पष्ट, एक मध्यम आणि एक लहान. बोलणाऱ्याची मोठी प्रत सर्वांना जाते, उरलेल्यांची लहान. कऱ्हाडच्या गोदामाची जोडणी कमकुवत असेल तर त्याला सगळ्यांच्या लहान प्रती मिळतात आणि त्याच्यामुळे पुण्याच्या चित्राचा दर्जा घसरत नाही. बहुपक्षीय बैठकीच्या दृष्टीने हा मोठाच लाभ आहे.

किती मेगाबिट लागतील?

उदाहरणादाखल वर उल्लेखलेल्या पाच ठिकाणांच्या कंपनीचा हिशेब मांडू. सर्व्हर दुसऱ्या प्रकारचा आहे. प्रत्येक सभागृह स्वतःच्या तीन प्रती पाठवते: दीड मेगाबिटची मोठी, अर्ध्या मेगाबिटची मध्यम आणि सुमारे ०.१५ मेगाबिटची लहान. बेरीज झाली सुमारे २.२ मेगाबिट. येणाऱ्या दिशेने बोलणाऱ्याचे मोठे चित्र दीड मेगाबिट आणि उरलेल्या तिघांची लहान चित्रे मिळून अर्धा मेगाबिट, म्हणजे दोन मेगाबिट. आवाजाला फारच थोडी जागा लागते. ओपस या प्रचलित पद्धतीत एका माणसाचा स्पष्ट आवाज ५० किलोबिटच्या आत मावतो. पाकिटांवरील पत्त्यांचा खर्च व थोडी चढउतार धरून प्रत्येक ठिकाणी दोन्ही दिशांना ३ मेगाबिट राखून ठेवले की सभागृह ते सभागृह बैठक सुखाने चालते.

आता हीच बैठक साताऱ्यातील २० कर्मचाऱ्यांनी आपापल्या टेबलावरून स्वतंत्रपणे पाहिली तर काय होईल? पाठवण्याचा भार ४४ मेगाबिटवर जाईल आणि घेण्याचा त्याहून अधिक. एकाच इमारतीतील वीस माणसे एकमेकांची चित्रे बाहेरच्या सर्व्हरवर पाठवून पुन्हा बाहेरून मागवतील. 'आमच्याकडे ५० मेगाबिटची लाइन आहे, तरी अडकते' ही तक्रार येथूनच जन्म घेते. यावर उपाय तीन. एका ठिकाणची माणसे शक्यतो एकाच सभागृहात बसवावीत. ज्यांना फक्त ऐकायचे आहे त्यांचे कॅमेरे बंद ठेवावेत. आणि माणसे खूपच असतील तर स्थानिक सर्व्हर ठेवून तो मुख्य सर्व्हरशी साखळीने जोडावा. मग साताऱ्याबाहेर एकेकच प्रत जाते आणि वाटप इमारतीच्या आत होते.

आणखी एक मुद्दा नेहमी निसटतो. घरगुती प्रकारच्या अनेक ब्रॉडबँड जोडण्यांत घेण्याचा वेग मोठा आणि पाठवण्याचा लहान असतो. जाहिरातीत मोठा आकडा दिसतो. चित्रपट पाहणाऱ्याला तेवढे पुरते. बैठकीत मात्र आपलेही चित्र जायचे असते. म्हणून कार्यालयासाठी दोन्ही दिशांना समान वेग देणारी जोडणी घ्यावी आणि करारात पाठवण्याचा वेग स्पष्ट लिहून घ्यावा.

वेगापेक्षा विलंब महत्त्वाचा

संभाषणाची मजा वेगाने बिघडत नाही तेवढी विलंबाने बिघडते. एका बाजूचा आवाज दुसरीकडे पोहोचायला १५० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागू नये, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा संकेत आहे. त्यापुढे गेले की समोरचा गप्प आहे असे वाटून आपण बोलू लागतो, तेवढ्यात त्याचेही बोलणे येते आणि दोघेही थांबतात.

काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. सातारा ते पुणे हे ११० किलोमीटरचे अंतर तो अर्ध्या मिलिसेकंदात कापतो. म्हणजे आपल्या दोन जिल्ह्यांतील अंतर हा प्रश्नच नाही. प्रश्न सर्व्हर कोठे आहे हा आहे. तो मुंबईत असेल तर साताऱ्याहून सांगलीला जाणारा आवाज मुंबईमार्गे काही मिलिसेकंदांत पोहोचतो. तोच सर्व्हर अमेरिकेत असेल तर उंब्रजचा माणूस कऱ्हाडच्या माणसाशी बोलताना त्याचा आवाज दोन महासागर ओलांडून जातो व परत येतो. २०० मिलिसेकंद सहज उलटतात. भूस्थिर उपग्रहावरील जोडणीतही हेच घडते. उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असल्याने केवळ वर जाऊन खाली येण्यालाच जवळपास पाव सेकंद लागतो. म्हणून सेवा घेताना 'आमच्या बैठका भारतातील सर्व्हरवरून चालतील का' हे विचारणे आवश्यक ठरते.

कंपनीच्या स्वतःच्या मांडणीतही अशी वळणे दडलेली असतात. सुरक्षिततेसाठी शाखांची सर्व रहदारी आधी पुण्याच्या मुख्यालयात आणून मग बाहेर सोडण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. हिशेबाच्या कामाला ती ठीक. बैठकीच्या चित्रांनी मात्र मुख्यालयाची जोडणी दुप्पट भरते. बैठकीची रहदारी शाखेतूनच थेट बाहेर जाऊ द्यावी आणि उर्वरित कामे पूर्वीच्याच मार्गाने चालवावीत.

विलंबाइतकाच त्रासदायक असतो त्यातील अनियमितपणा. पाकिटे कधी २० तर कधी ९० मिलिसेकंदांनी आली की आवाज चिरका होतो. हा चढउतार ३० मिलिसेकंदांच्या आत आणि हरवणाऱ्या पाकिटांचे प्रमाण एक टक्क्याच्या आत असावे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

रुग्णवाहिकेला वाट

पुणे-सातारा महामार्गावरील आनेवाडी टोल नाक्यावर सुटीच्या दिवशी रांगा लागतात. रस्ता सहापदरी असला तरी गर्दीच्या वेळी रुग्णवाहिकेला वेगळी वाट नसेल तर ती अडकणारच. नेटवर्कमध्येही तसेच आहे. सकाळी दहा वाजता बैठक सुरू होते आणि त्याच वेळी सीसीटीव्हीचे चित्रण, हिशेबाचा बॅकअप व संगणकांचे अपडेट बाहेर जाऊ लागतात. मोठ्या फायलींच्या रांगेत आवाजाची लहान पाकिटे खोळंबतात. जोडणी मोठी केली तरी बॅकअप तीही भरून टाकतो.

यासाठी पाकिटांवर प्राधान्याची खूण करण्याची सोय असते. प्रचलित संकेतानुसार आवाजाला ४६ आणि बैठकीच्या चित्राला ३४ हा क्रमांक देतात. स्विच व राउटर ही खूण पाहून आवाजाला आधी सोडतात. दोन पथ्ये मात्र पाळावी लागतात. पहिले, थेट प्राधान्याच्या रांगेला जोडणीच्या एक तृतीयांशाहून अधिक वाटा देऊ नये. अन्यथा सगळ्याच गाड्या रुग्णवाहिका होतात आणि इतर कामे ठप्प पडतात. दुसरे, ही खूण कंपनीच्या स्वतःच्या नेटवर्कवर किंवा सेवा कंपनीकडून प्राधान्याच्या हमीसह घेतलेल्या खासगी जोडणीवरच मानली जाते. खुल्या इंटरनेटवर तिला किंमत नाही. तेथे आपल्या हातात एवढेच असते की बाहेर जाणारी इतर रहदारी राउटरवर आवळून धरावी आणि बॅकअप रात्री ठेवावा. हा दुसरा उपाय फुकट आहे आणि बहुधा सर्वांत गुणकारीही.

फायरवॉलचे दार

बैठकीला जोडता येते, माणसांची नावे दिसतात, पण चित्र-आवाज येत नाही, अशी तक्रार असेल तर संशय फायरवॉलवर घ्यावा. बैठकीचा निरोप एका वाटेने आणि चित्र दुसऱ्या वाटेने जाते. निरोपाची वाट ही संकेतस्थळांचीच असल्याने ती उघडी असते. चित्र व आवाज यूडीपी या पद्धतीने जातात आणि अनेक कार्यालयांत ते दार बंद असते.

दार बंद दिसले की बहुतेक सेवा संकेतस्थळांच्या ४४३ क्रमांकाच्या वाटेने चित्र ढकलू पाहतात. बैठक चालते, पण त्या टीसीपी पद्धतीत हरवलेले प्रत्येक पाकीट पुन्हा मागवले जाते आणि ते येईपर्यंत मागची सगळी थांबतात. चालू बोलण्यात अर्ध्या सेकंदापूर्वीचा शब्द पुन्हा आणण्यात अर्थ नसतो. यूडीपीमध्ये हरवले ते सोडून पुढे जाता येते. यासाठी संपूर्ण फायरवॉल उघडण्याची गरज नाही. सेवा कंपनी आपल्या सर्व्हरांचे पत्ते व पोर्ट क्रमांक जाहीर करते. तेवढेच बाहेर जाण्यासाठी मोकळे करावेत. उदाहरणार्थ, मायक्रोसॉफ्ट टीम्ससाठी यूडीपी ३४७८ ते ३४८१ हे क्रमांक लागतात. स्वतः उभारलेल्या जित्सी सर्व्हरला सहसा १०००० हा एकच यूडीपी क्रमांक पुरतो. जुन्या एच.३२३ यंत्रांचे प्रकरण अधिक किचकट असते, कारण ती दर कॉलला नवे पोर्ट निवडतात. त्यांच्यासाठी मार्ग काढून देणारे वेगळे उपकरण सीमेवर बसवावे लागते.

खोलीही नेटवर्कचाच भाग

चित्र अंधुक असले तरी बैठक होते; आवाज नसेल तर होत नाही. तरीही खर्च कॅमेऱ्यावर होतो आणि मायक्रोफोन सर्वांत शेवटी आठवतो. पंधरा माणसांच्या टेबलाच्या टोकाला एकच लॅपटॉप ठेवला तर दूरच्या माणसाचे बोलणे पलीकडे पुटपुटल्यासारखे ऐकू येते. बोलणाऱ्यापासून एक-दीड मीटरच्या आत मायक्रोफोन असावा. एका खोलीत दोन लॅपटॉपांचे आवाज सुरू राहिले की घुमण्याचा जो कर्कश प्रकार होतो, तो टाळण्यासाठी खोलीत एकच ध्वनियंत्र ठेवावे.

कारखान्यांच्या आवारातील अनेक कार्यालयांना पत्र्याचे छप्पर असते. जुलैच्या पावसात तेथे शेजारच्याचेही ऐकू येत नाही. अशा ठिकाणी सभागृह स्लॅबच्या इमारतीत हलवणे हा कोणत्याही महागड्या उपकरणापेक्षा चांगला उपाय आहे. जाड पडदे व फरशीवर सतरंजी यांनीही प्रतिध्वनी पुष्कळ कमी होतो. माणसांच्या पाठीमागे खिडकी नसावी. चेहरे काळे दिसतात. सभागृहाचे यंत्र वाय-फायवर न ठेवता केबलने जोडावे. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे मार्ग केवळ तीन असतात आणि ते शेजारच्या कार्यालयांशी वाटून घ्यावे लागतात.

पूर आला तर?

या दोन जिल्ह्यांत कॉन्फरन्सिंगची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. साताऱ्याच्या डोंगरात पडलेला पाऊस सांगलीचा पूर ठरवतो. १०५ टीएमसीहून अधिक क्षमतेच्या कोयना धरणातून सोडलेले पाणी कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि पुढे सांगलीत आयर्विन पुलाखाली येते. तेथे ४० फुटांवर इशारा पातळी व ४५ फुटांवर धोका पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली होता. कोल्हापूरजवळ महामार्ग अनेक दिवस बंद राहिला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला.

अशा वेळी सातारा, सांगली, पुणे व मुंबईच्या माणसांनी एकाच वेळी एकच आकडा ऐकणे आणि त्यावर एकच निर्णय घेणे, याला जिवाची किंमत असते. पाळी बंद करायची का, भट्टी थंड करायची का, कामगारांना कोणत्या रस्त्याने घरी पाठवायचे, हे प्रश्न फोनवर एकेकाला विचारत बसता येत नाहीत. प्रवास शक्य नसतो त्याच दिवशी बैठक सर्वांत अधिक हवी असते. आणि वीज व केबल त्याच दिवशी जातात. केवळ कोरड्या दिवशी चालणारी व्यवस्था ही अर्धीच व्यवस्था होय.

त्यासाठी काही गोष्टी आधीच कराव्या लागतात. यूपीएस केवळ संगणकाला नव्हे, तर केबल जेथे येते त्या मोडेमला, राउटरला व मधल्या प्रत्येक स्विचलाही हवा. यातील एक जरी बंद पडले तरी चालू संगणकाचा उपयोग नाही. नेटवर्कचे कपाट तळमजल्यावर असल्यास वरच्या मजल्यावर न्यावे. दोन सेवा कंपन्यांकडून जोडण्या घ्याव्यात, पण त्यांच्या केबल प्रत्यक्षात कोठून येतात हेही विचारावे. दोन्ही एकाच खांबावरून किंवा एकाच पुलावरून येत असतील तर नावे दोन, जोडणी एकच. शक्य तेथे दुसरी जोडणी बिनतारी असावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सर्व काही कोलमडले तर केवळ आवाजावर उतरण्याची सवय लावावी. पन्नास किलोबिटमध्ये आवाज मावतो, हे वर पाहिलेच. साध्या फोनवरून बैठकीला जोडण्याचा क्रमांक सेवेत उपलब्ध असेल तर तो छापून भिंतीवर लावावा. आणीबाणीत तो ई-मेलमध्ये शोधायला कोणाला सवड नसते.

भाड्याची सेवा की स्वतःचा सर्व्हर?

झूम, टीम्स, गुगल मीट यांसारख्या सेवा दरमहा भाड्याने मिळतात. सर्व्हर, देखभाल व सुधारणा त्यांच्याकडे. याउलट जित्सी हे मुक्त सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते आणि कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते. त्याचा उगम २००३ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग विद्यापीठातील एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पात आहे. वर्ग चालवण्यासाठी तयार झालेले बिगब्लूबटन हेही असेच मुक्त सॉफ्टवेअर.

'विनामूल्य' या शब्दाला मात्र भुलू नये. परवाना फुकट असला तरी सर्व्हर, सार्वजनिक पत्ता, चांगली जोडणी आणि ते सारे जाणणारा माणूस यांचा खर्च असतोच. तो माणूस रजेवर असताना काय, हा प्रश्न आधी सोडवावा. वीस-पंचवीस माणसांची कंपनी भाड्याच्या सेवेवर सुखी राहील. रोज शेकडो कर्मचारी बैठका घेत असतील किंवा आराखडे, दरपत्रके यांची गोपनीयता जपायची असेल, तर स्वतःच्या सर्व्हरचा विचार योग्य ठरतो.

कायदा आणि गोपनीयता

दूरचित्राद्वारे उपस्थिती ही खरी उपस्थिती मानावी का, या प्रश्नाला महाराष्ट्रातीलच एका खटल्याने उत्तर दिले. महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या प्रकरणात अमेरिकेतील डॉक्टरांची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घेण्यास सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २००३ रोजी मान्यता दिली. पुढे २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १७३ नुसार संचालकांना मंडळाच्या बैठकीत व्हिडिओद्वारे सहभागी होता येऊ लागले. वार्षिक हिशेबासारखे काही विषय अशा बैठकीत घेण्यावर बंदी होती. तो नियम १५ जून २०२१ रोजी वगळण्यात आला.

मात्र अटी आहेत. सुरुवातीस प्रत्येक संचालकाने आपले नाव, ठिकाण आणि आपल्याशिवाय तेथे दुसरे कोणी ऐकत नाही हे सांगायचे असते. बैठकीचे ध्वनिचित्रमुद्रण जपून ठेवावे लागते आणि इतिवृत्ताचा मसुदा १५ दिवसांत सर्वांना पाठवावा लागतो. म्हणजे मंडळाच्या बैठकीत चित्र-आवाज तुटणे ही केवळ गैरसोय नसते. एखादा संचालक मधूनच तुटला तर गणसंख्येचा व ठरावाच्या वैधतेचा प्रश्न उभा राहू शकतो.

सुरक्षिततेबाबत १६ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने झूमच्या वापराविषयी सूचना जारी केली होती. त्यातील पथ्ये आजही कोणत्याही सेवेला लागू पडतात: प्रत्येक बैठकीला नवा क्रमांक व संकेतशब्द, बाहेर थांबवून नाव पाहून आत घेणे, सर्व जण आल्यावर बैठक कुलूपबंद करणे. चित्रांचे एकत्रीकरण करणारा सर्व्हर ती चित्रे उघडूनच पाहतो, हेही ध्यानी ठेवावे. संपूर्ण गुप्तता हवी असेल तर टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध करण्याची सोय आहे का आणि ती सुरू केल्यावर मुद्रण बंद होते का, हे विचारून घ्यावे. मुद्रण सुरू असल्यास उपस्थितांना ते आधी सांगणे हा साधा शिष्टाचार आहे.

सुरुवात कशी करावी?

- प्रथम एक आठवडा मोजमाप करावे. प्रत्येक ठिकाणी सकाळी, दुपारी व सायंकाळी पाठवण्याचा वेग, विलंब, चढउतार आणि हरवलेली पाकिटे नोंदवावीत. मोजणी कामाच्या गर्दीतच व्हावी. रविवारचे आकडे फसवे असतात.
- बॅकअप व सीसीटीव्हीची बाहेर जाणारी रहदारी रात्रीवर टाकावी अथवा आवळावी.
- फायरवॉलमध्ये सेवेचे यूडीपी क्रमांक मोकळे करून चित्र खरोखर त्याच वाटेने जाते का, हे तपासावे.
- आधी दोन ठिकाणे, मग तीन, मग पाच अशी बैठक वाढवत न्यावी. पाचही ठिकाणे एकदम जोडली तर दोष कोणाकडे आहे ते कळत नाही.
- एकदा मुद्दाम मुख्य जोडणी व वीज बंद करून पाहावी. दुसरी जोडणी आपोआप सुरू होते का आणि माणसांना फोन क्रमांक ठाऊक आहे का, हे तेव्हाच कळेल. ही तालीम मे महिन्यात व्हावी.
- प्रत्येक ठिकाणी एक जाणकार नेमावा आणि त्याच्या गैरहजेरीत काम पाहणारा दुसराही.

यातील बहुतेक कामांना नवी खरेदी लागत नाही. लागते ती एक-दोन आठवड्यांची चिकाटी. कॅमेरे व पडदे त्यानंतर घ्यावेत. कऱ्हाडच्या गोदामातील व्यवस्थापकाचे म्हणणे मुंबईत स्पष्ट ऐकू गेले, एवढी कसोटी पुरेशी आहे. ज्याचा आवाज पोहोचत नाही, त्याचे मत हळूहळू विचारले जाईनासे होते आणि मुख्यालय ठरवील तेच खरे होऊन बसते. नदीकाठच्या कारखान्याला ते परवडणारे नाही.